बहिष्कार कुणावर, कशासाठी आणि कधीपर्यंत?

‘अमुक कंपनीवर बहिष्कार घाला’ असा निरोप मोबाइलवर आला नाही, असा महिना हल्ली जात नाही. कधी जाहिरात खटकलेली असते, कधी मालकाचं एखादं विधान, तर कधी दूरच्या युद्धात ती कंपनी कुणाच्या बाजूनं उभी राहिली हा वाद असतो. निरोप पुढे ढकलायला काहीच लागत नाही, साबण बदलायलाही फारसं लागत नाही. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. राजकीय, सामाजिक कारणांसाठी ग्राहकांनी कंपन्यांवर बहिष्कार घालावा का? आमचं उत्तर ‘हो, पण’ असं आहे, आणि आजचा वेळ बहुतेक त्या ‘पण’वरच जाणार आहे.

‘बॉयकॉट’ हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका बड्या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंड कमी करून मागितला, तर उलट बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. मग गावानं त्याच्याशी व्यवहारच तोडला. शेतावर मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नासेक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या बंदोबस्ताला शेकडो शिपाई. म्हणजे बटाट्यांच्या किमतीपेक्षा ते काढायचा खर्च कितीतरी जास्त झाला.

आता आपल्याकडे या. मराठीत ‘बहिष्कार’ या शब्दाची दोन घराणी आहेत. पहिलं आपण अभिमानानं सांगतो. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार आहे. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि तीत पुढाकार घेतला म्हणून फर्ग्युसनचे विद्यार्थी असलेल्या सावरकरांना दहा रुपये दंड भरावा लागला, वसतिगृहही सोडावं लागलं.

दुसरं घराणं म्हणजे वाळीत टाकणं. मुंबई सरकारनं १९२८ साली अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली होती, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. या समितीनं नोंदवलंय की अस्पृश्यांनी हक्क बजावायला सुरुवात केली, की गावातले जमीनवाले त्यांच्याकडून जमीन काढून घेत, काम बंद करत, रस्ता अडवत. गावचा दुकानदार रोजच्या गरजेच्या वस्तू विकायचं थांबवी. बाबासाहेबांनी १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचं नावच ‘बहिष्कृत भारत’ होतं. आणि हा फार जुना इतिहास आहे असंही समजू नका. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याला आळा घालायला महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला.

गंमत बघा, दुकानदारानं माल नाकारणं ही कृती मेयोतही तीच आणि आपल्या गावातही तीच. फरक पडतो तो कोण कुणाला कोंडीत पकडतंय यानं. मेयोत दुबळ्यांनी बळवंताला धरलं आणि एक ठरावीक गोष्ट मागितली: खंड कमी करा. इथे बळवंतांनी दुबळ्यांना धरलं, आणि मागणी काय, तर तुम्ही माणसासारखं वागायचं सोडा.

कंपन्यांच्या बाबतीत ही कसोटी नीट लागू होते, आणि त्यासाठी आम्हाला नेस्लेचं उदाहरण सगळ्यात उपयोगी वाटतं. १९७०च्या दशकात गरीब देशांमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीचा जोरदार प्रचार चालला होता. प्रसूतिगृहांत फुकट नमुने वाटले जात. यात मेख अशी की बाळ काही दिवस बाटलीवर राहिलं, की आईचं दूध आटतं. नमुना संपतो, घरी पावडर विकत घ्यायला पैसे नसतात, म्हणून ती पातळ करून दिली जाते, तीही अशुद्ध पाण्यात. मग जुलाब, कुपोषण आणि मृत्यू. १९७७ साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार पुकारला गेला आणि तो इतर देशांत पसरला. मागणी ‘नेस्ले बंद करा’ अशी नव्हती. फुकट नमुने बंद करा, अशा पद्धतीचा प्रचार बंद करा, अशी होती. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या विक्रीबाबत आचारसंहिता मंजूर झाली. १९८४ साली कंपनीनं ती पाळायचं कबूल केलं, तेव्हा बहिष्कार थांबवण्यात आला. आपल्याकडे त्याच आचारसंहितेच्या धर्तीवर १९९२ साली कायदा झाला. औषधाच्या दुकानात बाळाच्या दुधाच्या डब्यावर आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, असं ठळक छापलेलं दिसतं ना? ते त्या कायद्यामुळे.

याच्या शेजारी २०२०ची तनिष्कची जाहिरात ठेवून पाहा. मुस्लिम सासर आपल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण करतंय, एवढीच गोष्ट. बहिष्काराची हाक उठली, कंपनीनं जाहिरात मागे घेतली आणि निवेदनात आपल्या कर्मचाऱ्यांच्या व दुकानांतल्या लोकांच्या काळजीचा उल्लेख केला. यात कंपनीनं कुणाचं नुकसान केलं होतं? जाहिरात न आवडणं हा ग्राहकाचा हक्क आहे, दागिना दुसरीकडे घेणं हाही. पण काउंटरमागे पगारावर उभ्या असलेल्या मुलीला भीती वाटू लागली, की तो ग्राहकाचा बहिष्कार उरत नाही. तो दुसऱ्या घराण्यात जाऊन बसतो. आणि एखाद्याचा धर्म पाहून त्याच्या गाड्यावरून भाजी घेऊ नका, असं जे सांगितलं जातं, ते तर सरळसरळ वाळीत टाकणंच. त्या भाजीवाल्यानं काय केलं म्हणजे बहिष्कार उठेल? त्याच्या हातात काहीच नाही.

किंमत कोण मोजतं, हेही विचारायला हवं. रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीत स्वदेशीच्या जोशात विदेशी कापड विकणारा गरीब पंचू भरडला जातो. स्वतःचा कोट होळीत टाकणं वेगळं आणि फेरीवाल्याचं गाठोडं टाकणं वेगळं.

‘आमच्या एकट्याच्या न घेण्यानं काय होणार?’ हा नेहमीचा प्रश्न. विक्रीवर फारसं काही नाही, हे खरं. पण मोठी कंपनी विक्रीइतकीच नावालाही जपते, म्हणून गुपचूप ब्रँड बदलण्यापेक्षा का बदलला ते कळवणं जास्त लागू पडतं. कंपनीला दोन ओळी लिहा: काय चुकलं, काय केलंत तर आम्ही परत येऊ. दुसरी ओळ लिहिता येत नसेल, तर थोडं थांबून आपल्याला नक्की काय हवंय ते स्वतःलाच विचारा. आणि ज्यांच्या गावात एकच दुकान, एकच ब्रँड आहे, त्यांना यावरून टोमणे मारू नका.

नेस्लेचं पुढे काय झालं, असा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. १९८८ साली बहिष्कार पुन्हा सुरू झाला. रुग्णालयांना फुकट पावडर पुरवणं थांबलं नव्हतं, असं बहिष्कार घालणाऱ्यांचं म्हणणं होतं.