नितळ पाणी आणि मागे उरलेला गाळ

नळाचं पाणी आपण पेल्यात धरून पाहतो. नितळ दिसलं की समाधान होतं. पण त्यातून काढलेली घाण जाते कुठे, हे सहसा कुणी विचारत नाही. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

घरी पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो. शुद्धीकरण केंद्रात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. उरलेले कण वाळूच्या थरांत अडकतात. वाळू तुंबली की उलट दिशेने पाणी सोडून ती धुतात. म्हणजे तळाचा गाळ आणि वाळू धुतलेलं पाणी मागे राहतं. नदीत शेणातून, सांडपाण्यातून आलेले जंतू तिथे एकवटतात.

त्यांतले दोन फार चिवट. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया. दोघेही एकपेशीय आदिजीव. पोटात गेले की जुलाब लागतात. शरीराबाहेर ते कवचबंद कोषाच्या रूपात तग धरतात. क्रिप्टोस्पोरिडियमचा कोष मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा. पिण्याच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला तो दाद देत नाही.

१९९३ च्या वसंतात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात याच जीवाने सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडलं, असा अंदाज आहे. प्रतिकारशक्ती खचलेल्या काही रुग्णांचे प्राण गेले. पाणी मिशिगन सरोवराचं. दक्षिणेकडच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मार्चअखेरीस वाढला होता. त्या दिवसांत शहरात तयार झालेल्या बर्फात पुढे हे कोष सापडले. त्या केंद्रात वाळू धुतलेलं पाणी पुन्हा प्रक्रियेत सोडलं जात असे. साथीचं कारण तेवढंच होतं असं नाही. पण अडवलेले जंतू पुन्हा आत येण्याची वाट त्यामुळे उघडी राहते. असं पाणी शुद्धीकरणाच्या सर्व टप्प्यांतून गेलंच पाहिजे, असा नियम अमेरिकेने २००१ मध्ये केला.

मग गाळ तपासायचा कसा? स्वच्छ पाणी बारीक गाळणीतून काढलं की कोष वर राहतात. गाळात मात्र माती, तुरटीचे पुंजके, शेवाळ असा सगळा काला असतो. तो ढवळून यंत्रात गरगर फिरवतात. मग कोषाला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य लावलेले चुंबकीय मणी त्यात सोडतात आणि चुंबकाने ओढून घेतात. पुढे चमकणारा रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली कोष हिरवे उजळतात. शेवाळही चमकून फसवतं, म्हणून दुसऱ्या रंगाने आतली केंद्रकं पाहतात. कोष जिवंत की मेलेला, हे मात्र या रंगांवरून खात्रीने कळत नाही.

या खटाटोपात बरेच कोष वाटेतच हरवतात. म्हणून त्याच गाळाच्या दुसऱ्या हिश्शात मोजून कोष मिसळतात आणि किती परत मिळाले ते पाहतात. समजा, शंभर टाकले आणि वीसच हाती आले, तर मूळ नमुन्यातल्या ‘शून्य’वर विसंबायचं कसं? माझ्या मते अहवालात सापडलेल्या कोषांशेजारी हा दुसरा आकडाही छापलाच पाहिजे.

घरी शंका आली, तर पाणी खळखळा उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर तसंच उकळू द्या. क्लोरीनला न जुमानणारे हे जीव त्यात मरतात.