गोळ्या चालू आहेत, मनाचे काय?

सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ अनेक वर्षे एचआयव्हीसह जगत आहेत. परवा त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाबा हल्ली जेवत नाहीत, पहाटे तीनलाच उठून बसतात. वयामुळे असेल ना?" मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "आता गोळ्या घेऊन तरी काय करायचे?" घरात त्यांचे ताट वेगळे ठेवले जात होते.

एचआयव्हीबाधितांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते. वार्धक्यात ते म्हातारपण समजून दुर्लक्षिले जाते. मन खचले की गोळ्या चुकतात, विषाणू पुन्हा वाढतो व प्रतिकारशक्ती घटते.

उदासी, अरुची किंवा निद्रानाश दोन आठवडे टिकल्यास एआरटी केंद्रातील डॉक्टरांना अथवा समुपदेशकांना सांगावे. रक्तक्षय व थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी. नैराश्याची औषधे एआरटीसोबत घेता येतात. मात्र चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मनात आत्महत्येचे विचार येत असल्यास रुग्णास एकटे सोडू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे.

एकत्र जेवल्याने एचआयव्ही पसरत नाही. म्हणून बाबांचे ताट आजच सर्वांच्या पंक्तीत मांडावे, असे मी सूनबाईंना सांगितले.