कुंडी म्हणजे लहान शेत नव्हे

झाशीतल्या अनेक मराठी घरांची मुळं अठराव्या शतकात, नारोशंकरांच्या सुभेदारीच्या काळापर्यंत मागे जातात. भाषा टिकली, सण टिकले आणि सणांना बांधलेली घरकामंही टिकली. गुढीपाडव्याच्या आठवड्यात घर झाडून-पुसून झालं की कुंड्यांची माती बदलायची, हे त्यातलंच एक काम. पुण्यात किंवा नाशकात ते खपून जातं. झाशीच्या सदर बाजारातल्या दुकानांवरच्या माडीत आणि गच्चीवर मात्र पाडव्यानंतर माती बदललेली रोपं मे महिना बघत नाहीत, आणि दोष मातीला, खताला किंवा नर्सरीवाल्याला दिला जातो. खरं कारण तारखेत असतं.

पहिला गैरसमज हाच, की वसंत म्हणजे चैत्र-वैशाख आणि तेवढे दोन्ही महिने कुंडी बदलायला मोकळे. पंचांगातला वसंत खोटा नाही, पण झाशीचा उन्हाळा त्याची वाट बघत नाही. एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशीला टेकतो, मे-जूनमध्ये पंचेचाळिशीही ओलांडतो आणि दुपारभर लू वाहते. कुंडी बदलताना कितीही जपलं तरी मुळांची बारीक टोकं तुटतात, आणि पाणी शोषण्याचं बरंचसं काम त्या टोकांजवळचे केशासारखे बारीक तंतूच करतात. ते पुन्हा फुटायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात कोरड्या गरम हवेने पानांतून पाणी ओढायला सुरुवात केली, तर खालून पुरवठा होत नाही आणि रोप उभ्या उभ्या सुकतं. म्हणून झाशीत हे काम फेब्रुवारीच्या मध्यापासून, रात्रीचा गारठा ओसरला की सुरू करावं आणि होळीच्या आसपास संपवावं. परदेशातले व्हिडिओ मे महिन्यापर्यंत सवड देतात, ती त्यांच्या हवेची सवड आहे. होळी चुकली तर घाई करू नये. पहिल्या चांगल्या पावसानंतर, जुलैमध्ये, हवा दमट झाली की दुसरी संधी मिळते. मनी प्लांट, सिंगोनियम, रबर, अरेका पाम यांना तीही मानवते.

दर वर्षी प्रत्येक कुंडी बदललीच पाहिजे, असंही नाही. आदल्या दिवशी पाणी घाला, दुसऱ्या दिवशी बुंधा बोटांच्या बेचक्यात धरून कुंडी उलटी करा आणि तळावर थाप मारून मातीचा गोळा बाहेर काढा. माती सुटून पडत असेल आणि मुळं तुरळक दिसत असतील, तर गोळा तसाच परत ठेवायचा. वरची दोनेक इंच माती खरवडून काढून तिथे नवं मिश्रण भरलं की पुरे. पण मुळांनी कुंडीच्या आतून गोल गोल वेटोळी घातली असतील, पांढरट दोऱ्यांची जाळी माती दिसू देत नसेल, घातलेलं पाणी थेट खालून निघून जात असेल, तर रोपाला जागा हवी आहे. ती वेटोळी तशीच नव्या कुंडीत ठेवली तर मुळं त्याच चक्रात फिरत राहतात. बोटांनी ती सैल करावीत. काळी पडलेली, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापावीत. मूळ कापलं की झाड मेलंच, ही भीती अनाठायी आहे. सडकं मूळ ठेवणं कापण्यापेक्षा जास्त घातक.

आता कुंडीच्या आकाराचं. मोठी कुंडी म्हणजे मोठं झाड, या समजुतीत थोडं तथ्य आहे. हेंड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले, तेव्हा कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाचं वस्तुमान सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं, असं दिसलं. पण भरपूर उजेडात जोमाने वाढणारं प्रयोगाचं रोप वेगळं आणि खिडकीपासून दोन हात आत ठेवलेला स्नेक प्लांट वेगळा. उजेड कमी असला की झाड पाणी कमी पितं. मोठ्या कुंडीत मूळ न पोचलेली माती मग दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा संपते आणि मुळं गुदमरून सडतात. घरातल्या झाडाला आधीपेक्षा एक-दोन इंच रुंद कुंडी पुरते.

सगळ्यात चिवट गैरसमज तळातल्या खडीचा आहे. माझी आजी कुंडीत आधी विटांचे तुकडे भरायची, तिच्या आईनेही तेच केलं असणार. निचरा चांगला होतो, हे त्यामागचं कारण. प्रत्यक्षात उलटं घडतं. बारीक मातीच्या कणांमधल्या फटी पाणी घट्ट धरून ठेवतात आणि त्याखाली मोठ्या फटींची खडी आली तर ते पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खडीत झिरपतं. तळाशी नेहमी साचून राहणारा ओला थर खडीमुळे नाहीसा होत नाही, तो फक्त वर, मुळांच्या जवळ सरकतो. घरी पडताळून बघता येतं. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा, सपाट धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी निथळून येईल, कारण उंची वाढली. कुंडीतल्या मातीचं तसंच आहे. मातीचा उभा थर जितका खोल, तितकं पाणी चांगलं निथळतं. खडीने भरलेले दोन इंच त्या खोलीतून वजा होतात. छिद्रावर एक खापरी उपडी ठेवली किंवा जाळीचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही. खापरीचं काम तेवढंच. छिद्र नसलेल्या शोभेच्या भांड्याला खडी वाचवू शकत नाही. त्यात छिद्राची कुंडी ठेवावी आणि पाणी घातल्यावर साचलेलं ओतून टाकावं.

मातीबद्दल बुंदेलखंडात एक खास समजूत ऐकू येते. इथले शेतकरी मातीची चार नावं सांगतात. राकड आणि पडुवा लालसर, काबर आणि मार काळ्या. मार पाणी धरते, रब्बीला चांगली पिकते, म्हणून कुंडीलाही तीच उत्तम, असं मानून लोक गावाकडून पोतं भरून आणतात. शेतात त्या मातीखाली आणखी माती असते, पाणी खोल ओढलं जातं, गांडुळं आणि पिकांची मुळं तिला पोखरून मोकळी ठेवतात. कुंडीत यातलं काहीच नसतं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, कडेने कुंडीपासून सुटते आणि भेगांतून पाणी निघून जातं. गोळ्याचा मध्य मग कोरडाच. विसाव्या शतकाच्या तीस-चाळिशीच्या दशकांत इंग्लंडमधल्या जॉन इनिस उद्यानविद्या संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीच्या मातीचे प्रयोग केले. चांगल्यात चांगली शेतमातीही त्यांनी नुसती वापरली नाही. सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग जाड वाळू, हे त्यांचं मिश्रण आजही ओळखलं जातं. म्हणजे बारा भागांतले पाच भाग माती मोकळी ठेवण्यासाठी.

झाशीत यासाठी दूर जावं लागत नाही. लाल पडुवा दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग आणि जाड मौरंग एक भाग. मौरंग म्हणजे बेतवेची लालसर, खरखरीत वाळू, जी इथे बांधकामावर सगळीकडे पडलेली असते. तिच्यातली बारीक धूळ चाळून काढावी, नाहीतर तीच फटी बुजवते. मिश्रण ओलं करून मुठीत आवळा. गोळा व्हायला हवा, आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटायला हवा. फुटत नसेल तर आणखी मौरंग घाला. ताजं शेण मात्र नको. कुजताना ते तापतं, अमोनिया सोडतं आणि मुळं जाळतं.

कोकोपीट हे खत आहे, असं समजून फक्त त्यातच रोप लावणारे बरेच भेटतात. ते पाणी धरणारं माध्यम आहे, पोषण त्यात जवळजवळ नाही. त्यातून क्षार असतात, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावं. दूध-साखरेसकट चहाचा चोथा कुंडीत टाकला तर खतापेक्षा बुरशी आणि चिलटंच जास्त मिळतात.

मातीच्या कुंडीवर बाहेरून चढणारा पांढरा थर बहुतेक वेळा बुरशीचा नसतो, पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचा असतो. झाशीत यात एक घरगुती भर पडते. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालतात. हेतू चांगला आहे, पाण्याची किंमत इथल्या माणसाला ठाऊक आहे. पण कूलरमधून नुसतं पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात आणि रोज घट्ट होत जातात. ते पाणी अंगण धुवायला वापरावं. कुंडीत क्षार साठलेले दिसले तर साधं पाणी भरपूर घालून खालून निथळू द्यावं.

कुंडी बदलल्याबरोबर खत देऊ नये आणि ऊनही दाखवू नये. जखमी मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत. आठ-दहा दिवस सावलीत, महिनाभर खताविना. पहिले काही दिवस पानं मलूल दिसली म्हणून पुन्हा पुन्हा पाणी ओतणं हा रोप घालवण्याचा हमखास मार्ग. बोट दोन पेरं मातीत घालून बघावं, ओल लागली तर थांबावं.

उरली काढलेली जुनी माती. ती मेली, असं म्हणून लोक कचऱ्यात टाकतात. तिच्यातली खनिजं कुठे जात नाहीत. सेंद्रिय भाग कुजून संपलेला असतो, कण दबलेले असतात, कधी रोगाची बुरशी किंवा सूत्रकृमी असतात. १९७६ मध्ये इस्रायलमध्ये याकोव्ह कटान आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून तिला कडक उन्हात तापू दिलं तर अनेक रोगकारक बुरशी मरतात. झाशीच्या गच्चीला मे महिन्यात याहून जास्त काही लागत नाही. जुनी माती चाळून मुळं वेचा, हलकी ओली करा, पारदर्शक पिशवीत चार-सहा इंचांच्या थरात पसरून तोंड बांधा आणि चार ते सहा आठवडे उन्हात राहू द्या. काळी पिशवी घेऊ नये, तिच्यात ऊन वरच अडतं. तापवल्यावर उपयोगी जिवाणूही कमी होतात, म्हणून गांडूळखत पिशवी उघडल्यावर मिसळायचं, आधी नाही. पाऊस सुरू होईतो ही माती जुलैच्या कुंड्यांसाठी तयार होते.