कळसूबाईचा सराव आणि बर्फाळ खिंड
पाठीवर जड सॅक घेऊन बारी गावातून कळसूबाईच्या शिड्या चढलात की हिमालयासाठी पाय तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र होत नाही. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो, तर हिमाचलातल्या सुमारे ४२०० मीटर उंचीच्या सार पास या खिंडीत जेमतेम ६०. हवेत ऑक्सिजन तोच, २१ टक्के. पण श्वासागणिक त्याचे रेणूच कमी मिळतात. म्हणून ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये. डोकं ठणकून मळमळू लागलं तर वर जायचा हट्ट सोडा. त्रास वाढला तर सरळ खाली उतरा. खिंड ओलांडायची ती सकाळी लवकर. रात्री गोठलेला बर्फ वजन पेलतो, दुपारी त्यातच पाय मांडीपर्यंत रुततो.