मोतीबिंदूचं ऑपरेशन 'हाताने' म्हणजे नेमकं कशाने? (एपिसोडचं लिखित रूप)

हा एपिसोड ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचाय त्यांच्यासाठी. बोलण्यातलं 'तर', 'म्हणजे' बरंचसं कापलंय, थोडं राहिलं असेल.

वेल्ह्याकडच्या, पानशेतच्या पाण्यापलीकडच्या एका गावातल्या श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. तो चाकणला नोकरी करतो. गावात डोळे तपासणीचं शिबिर झालं आणि त्यात आजोबांच्या उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. शिबिरवाले म्हणाले, पुण्याला नेऊ, फुकट ऑपरेशन करू, परत आणून सोडू. पण ऑपरेशन हाताने होईल, मशीनने नाही. शेजाऱ्यांनी लगेच सल्ला दिला की हाताचं जुनं झालं, आता लेसरने करतात, खासगीत न्या. झालं, घरात म्हैस विकायची बोलणी सुरू. त्याचा प्रश्न एवढाच होता, "दादा, हाताने म्हणजे नेमकं कशाने करतात?"

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. म्हणून ओळखीच्या एका नेत्रशल्यविशारद ताईंना गाठलं. त्यांनी ऑपरेशनचा ट्रे समोर ठेवला आणि एकेक वस्तू दाखवत तासभर शिकवणी घेतली. आजचा एपिसोड म्हणजे तो ट्रे.

आधी 'लेसर'चा घोळ मिटवू. गावात आणि शहरातही ज्याला सर्रास लेसर ऑपरेशन म्हणतात, ते बहुतेक वेळा फेको असतं. फेकोत लेसर नसतो. एक पोकळ सुई अल्ट्रासाऊंडच्या वेगाने थरथरते, डोळ्यातलं गढूळ भिंग फोडते आणि तुकडे शोषून घेते. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांनी 1967 साली ही पद्धत आणली. खऱ्या लेसरने काही टप्पे करणारी यंत्रं आहेत, पण ती फार महागडी आणि थोड्याच ठिकाणी. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागचा पडदा धुरकट झाला तर तो लेसरने उघडतात, ते वेगळंच काम. थोडक्यात, म्हैस ज्या लेसरसाठी विकायची चालली होती, तो बहुधा तिथे नव्हताच.

आता मापं. अख्खा डोळा सुमारे 24 मिलिमीटरचा. त्यातलं भिंग 9 ते 10 मिलिमीटर रुंद. भिंगाभोवती एक पारदर्शक पिशवी असते आणि तिची मागची भिंत मधोमध साधारण 4 मायक्रॉन जाडीची. माणसाचा केस ढोबळमानाने 70 मायक्रॉन धरा. काम असं की या पिशवीला पुढून गोल तोंड पाडायचं, आतला कडक गाभा काढायचा, चिकटलेला मऊ भाग धुऊन घ्यायचा आणि त्याच पिशवीत नवं भिंग बसवायचं, मागची भिंत न फाडता. ती फाटली की डोळ्याच्या मागच्या भागातली जेली पुढे येते आणि सोपं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. आमच्याकडे चुकलेला बदल मागे घेता येतो. इथे ती सोय नाही.

ट्रेमध्ये सगळ्यात आधी दिसतो तो तारेचा स्पेक्युलम, पापण्या उघड्या धरून ठेवणारा. "ऑपरेशन चालू असताना डोळा मिटला तर?" हा बहुतेक आजी-आजोबांचा पहिला प्रश्न असतो. उत्तर ही वाकवलेली तार. डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन भाग बधिर केलेला असतो, त्यामुळे ती टोचत नाही. मग चिमटे. काही गुळगुळीत, काहींच्या टोकाला दात. दात जेमतेम 0.12 मिलिमीटरचे, ते दिसायलाही सूक्ष्मदर्शक लागतो. डॉक्टर रुग्णाच्या डोक्याशी बसतात, मनगट त्याच्या कपाळाजवळ टेकवतात आणि हत्यार पेनसारखं धरतात. हालचाल खांद्यातून नाही, बोटांच्या पेरांतून.

आणि मग ते हत्यार, ज्यावर मला खरं तर दोन एपिसोड करायचेत. नाव क्रेसेंट. छोटं, टोकाला गोल पातं, दांड्याशी कोन करून वाकवलेलं. बघताक्षणी मला खुरपं आठवलं, आणि ताई म्हणाल्या, "कामही तसंच आहे, उकरायचं नाही, थराथराने सरकायचं."

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे, आधी एक चीर घेतात. 6 ते 7 मिलिमीटर लांब, रुसलेल्या ओठांसारखी वाकडी, आणि फक्त अर्ध्या जाडीपर्यंत खोल. मग क्रेसेंट त्या चिरेत आडवं घालून, डावी-उजवीकडे हलवत, पांढऱ्या भागाच्या दोन थरांमधून पुढे बुबुळाच्या पारदर्शक भागात नेतात. तयार होतो एक चपटा बोगदा. खोली मोजायला यंत्र नाही. वरच्या थरातून पातं किती दिसतंय यावरून ओळखायचं. फार स्पष्ट दिसलं तर तुम्ही फार वर आहात, वरचा थर फाटेल. दिसेनासं झालं तर फार खोल गेलात, वेळेआधी डोळ्यात शिराल. अंधुक दिसत राहिलं पाहिजे.

या बोगद्याचा आकार सुपासारखा, बाहेरच्या बाजूला अरुंद, आत पसरट. आणि इथे सगळी गंमत आहे. आतलं तोंड भाल्याच्या टोकासारख्या पात्याने उघडतात. त्याचं नाव केराटोम. ते 2.8 किंवा 3.2 अशा ठरलेल्या मापाचं मिळतं, म्हणजे पातं हीच मोजपट्टी. आधी तेवढं तोंड, मग त्याच पात्याने दोन्ही बाजूंना वाढवायचं. ऑपरेशन संपलं की डोळ्यातला दाब बोगद्याची आतली पाळ आतून वर दाबतो आणि बोगदा आपोआप बंद होतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जसा आतल्या हवेनेच बंद राहतो, तसं. म्हणून टाका लागत नाही. शेजाऱ्यांनी ज्याला 'जुनं' म्हटलं ते टाक्यांचं ऑपरेशन होतं. त्यात याहून बरीच मोठी चीर आणि नंतर टाके. हे ते नव्हे. दोन्हींत मशीन नाही, एवढ्यावरून लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

पुढचं हत्यार विकत घ्यावंच लागत नाही. इंजेक्शनची 26 नंबरची साधी सुई घेतात आणि चिमट्याने तिचं टोक काटकोनात वाकवतात. याला सिस्टिटोम म्हणतात. याने पिशवीच्या पुढच्या भिंतीला गोल तोंड पाडतात. मोतीबिंदू पूर्ण पांढरा असेल तर पांढऱ्यावर पारदर्शक काही दिसत नाही, म्हणून आधी निळा रंग सोडून पिशवी रंगवून घेतात. नेपाळमधल्या लहानच्या नेत्ररुग्णालयात डॉ. आल्ब्रेख्त हेनिग यांनी याच तत्त्वावर 30 नंबरची सुई माशाच्या गळासारखी वाकवून तिनेच गाभा ओढून काढायची पद्धत बसवली. मला अशी हत्यारं भारी वाटतात, ज्यांचा कारखाना म्हणजे डॉक्टरांची दोन बोटं.

गाभा सुटा झाला की बारीक आकड्याने गोल फिरवत तो पिशवीतून पुढे आणतात. हा सिन्स्की हुक. नुसत्या डोळ्यांना ती सरळ तारच वाटते. मग व्हेक्टिस, म्हणजे टोकाला पसरट कडी असलेला चमचा, गाभ्याखाली सरकवून त्याला बोगद्यातून बाहेर घेतात. गाभा अख्खाच बाहेर येतो. मऊ अवशेषांसाठी सिमको कॅन्युला. एकाच दांड्यात दोन नळ्या. एकीतून वर टांगलेल्या बाटलीतलं द्रव गुरुत्वाकर्षणाने आत येतं, दुसरीतून सिरिंजने गढूळ भाग ओढला जातो. फेकोच्या मशीनमध्ये जे पंप, सेन्सर आणि सॉफ्टवेअर करतं, ते इथे बाटलीची उंची आणि अंगठा करतो. शेवटी 6 मिलिमीटरचं कडक भिंग चिमट्याने आत, आणि त्याच आकड्याने फिरवून जागेवर. बोगदा 6 मिलिमीटरहून लहान का करत नाहीत, याचं एक कारण हे भिंगच आहे. फेकोत घडीचं भिंग असतं, ते तीनएक मिलिमीटरमधूनही आत जातं.

वीज लागतेच, सूक्ष्मदर्शकाला आणि दिव्याला. पण पावसाळ्यात गुंजण मावळात वीज कशी असते हे ऐकणाऱ्यांना सांगायला नको, आणि मध्येच बंद पडेल असं फेको मशीन या पद्धतीत नाही.

आता मुद्द्याचं. याने दिसतं का? याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही, ते पुण्यातच तपासलं गेलंय. हडपसरजवळच्या ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी दोन अभ्यास केले. कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवून. पहिला 2003 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत आला. 741 रुग्ण, टाक्यांचं ऑपरेशन विरुद्ध हाताचं छोट्या छेदाचं. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय 6/18 किंवा बरं दिसणारे टाक्यांच्या गटात सुमारे 37 टक्के, छोट्या छेदाच्या गटात सुमारे 48. दुसरा 2005 मधला, 400 डोळ्यांचा, फेको विरुद्ध हाताचं. चष्म्याशिवाय फेको पुढे होतं, साधारण 81 विरुद्ध 71 टक्के. पण योग्य चष्मा दिल्यावर दोन्ही गटांत 98.4 टक्के. पुढच्या लेखात याच चमूने खर्चही मांडला, आणि हाताची पद्धत स्वस्त ठरली.

म्हणजे मशीनचा फायदा खरा आहे, तो नाकारायचा नाही. छेद लहान, त्यामुळे चष्म्याचा तिरका नंबर कमी, डोळा लवकर शांत. पन्नाशीतला ड्रायव्हर असेल, मोतीबिंदू मऊ असेल आणि परवडत असेल, तर फेको जरूर करावं. पण कडक, तपकिरी झालेला गाभा फोडायला अल्ट्रासाऊंड जास्त लागतं आणि त्याचा त्रास बुबुळाच्या आतल्या पेशींना होतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. अशा गाभ्याला अख्खा बाहेर काढणारा बोगदा हा दुय्यम पर्याय नाही. आणि भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांतून पुण्यात पोचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू बरेचदा असेच असतात, कारण ती उशिरा पोचतात. आधी भाताची लावणी, मग काढणी, मग 'थंडी पडू दे', मग 'अजून पिकू दे'.

हे पिकू द्यायचं तेवढं डोक्यातून काढा. पूर्वी अख्खं भिंग पिशवीसकट काढत, तेव्हा पिकण्याची वाट बघायला अर्थ होता. आता जास्त पिकला तर गाभा दगड होतो, आतला द्रव पाझरून डोळ्याचा दाब चढू शकतो, आणि त्यात नजर कायमची जाऊ शकते. ऋतूचाही संबंध नाही, घरी स्वच्छता पाळता आली की झालं.

व्हॉइस नोटवाल्याला मी एवढंच कळवलं की म्हैस राहू दे, आणि पुण्याच्या डॉक्टरांना चार प्रश्न विचार. डोळ्याच्या पडद्याची आणि दाबाची तपासणी केली का, साखर बघितली का, भिंगाचा नंबर मोजून घालणार का, आणि नंतरच्या तपासण्यांना गाडी आहे का. ही शेवटची गोष्ट दिसते छोटी. पण पानशेतपलीकडून दोन एसट्या बदलून यायचं म्हटलं की लोक दुसरी तपासणी टाळतात, आणि योग्य चष्मा त्या तपासणीतच मिळतो. तो 98.4 टक्क्यांचा आकडा चष्म्यासकट आहे, हे विसरू नका.

जाता जाता हत्यारांच्या धुलाईबद्दल, कारण ट्रे आवरताना ओटीतल्या सिस्टरांनी मला तिथेच थांबवलं. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांच्या वाफेत जंतू मरतात, पण वाळलेली घाण तशीच राहते. सिमकोच्या नळीत ऑपरेशनमधलं जेल वाळून बसलं तर पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात जंतूविनाच सूज येऊ शकते. म्हणून ऑपरेशन झाल्या झाल्या नळीतून पाणी मारायचं, मग हवा, मगच वाफ. टोकं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून प्रत्येक हत्यार सिलिकॉनच्या चटईवर वेगळं. सिस्टरांनी वाकडं झालेलं एक चिमट्याचं टोक मला भिंगाखाली दाखवलं. मला ते सरळच दिसत होतं. त्यांनी ते ट्रेमधून बाजूला काढलं आणि दुसरं ठेवलं.