पाण्याखालचा पूल

महाराष्ट्रातल्या पुलांचा आढावा हल्ली वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून सुरू होतो आणि अटल सेतूवर संपतो. 2009 आणि 2024. कामे थोरच आहेत, पण त्यांवर भरपूर लिहून झाले आहे. 1943ची रस्त्यांची नागपूर योजना, 1996चे रस्ते विकास महामंडळ, द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर हेही सर्वांना ठाऊक आहे. माझा जीव रमला तो पुलांच्या पायात, आणि पायाबद्दल कुणी लिहीत नाही.

देशावर काळा पाषाण बहुधा हाताशी असतो. खोदा, खडकाला लागा, काँक्रीट भरा. खान्देशात तापीचा गाळ खोल, तिथे पायासाठी विहिरीच उतरवाव्या लागतात. नोकरीची उमेदीची वर्षे मी त्या कामावर काढली. पोलादी कटिंग एज मांडायची, तिच्यावर कर्ब आणि काँक्रीटची गोल भिंत चढवायची आणि ग्रॅबने आतला गाळ उपसत राहायचे. विहीर स्वतःच्या वजनाने खाली सरकते. भिंतीवर बाहेरून चारही अंगांना मीटरच्या खुणा रंगवलेल्या असत. मिस्त्री रोज सकाळी त्या वाचून पातळ्या सांगे. एका अंगाला चिकणमाती आणि दुसऱ्या अंगाला वाळू लागली की विहीर कलणारच. 80ला 1 यापेक्षा जास्त कल पुलांच्या संहितेला चालत नाही. मग उंच राहिलेल्या अंगाची माती जास्त काढायची, त्याच अंगावर वजन रचायचे आणि वाट पाहायची. घाई करणाऱ्याची विहीर उलट्या बाजूला झुकते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, जुन्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच येते.

एवढे खोल जायचे कशासाठी? पुरात खांबाच्या नाकाशी भोवरा तयार होतो आणि तळ खरवडून नेतो. खांबाशी ही खरवड लेसीच्या सूत्राने येणाऱ्या खोलीच्या दुप्पट धरतात, आणि विहीर तिच्याही खाली या खरवडीच्या खोलीच्या एक तृतीयांश रुतलेली हवी. बॅरिस्टर जयकरांच्या समितीच्या शिफारशीवरून 1934मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिच्या संहितांतले मला सर्वांत मोलाचे वाटलेले कलम हेच. पूर ओसरताना तोच खड्डा भुसभुशीत वाळूने भरून येतो. उन्हाळ्यात पात्र सपाट, निर्धोक दिसते.

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी बस माणसांसह नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन तो सुरक्षित ठरला होता. मे महिन्यातली पाहणी खांब, कमानी, कठडे दाखवते. पाण्याखाली ऑगस्टमध्ये काय होईल ते दाखवत नाही. शिवाय कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात; एक खांब खचला की शेजारच्या कमानींचा आधार जातो.

यावरून आमच्याच व्यवसायातली काही मंडळी सगळे दगडी पूल पाडा म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाने 1929पासून कृष्णेचे किती पूर पाहिले. 2019मध्ये तिथली पातळी 57 फुटांवर गेली, तरी कमानी उभ्या आहेत. व्यवसायातली दुसरी काही मंडळी प्रीस्ट्रेस काँक्रीटमधल्या तारांपलीकडे बघत नाहीत. खाऱ्या हवेने तारा गंजतात हे ठाण्याच्या खाडीपुलाने शिकवले आहेच, पण नद्यांवरच्या पुलांचा पहिला वैरी पाणी आहे.

पूर्वी पूर चढला की मैलकुली आणि शाखा अभियंता पुलावर हजर होत. शिसाचे वजन बांधलेली, मीटरमीटरला गाठ मारलेली दोरी खांबाशेजारी सोडत, खोली नोंदवहीत उतरवत. मैलकुली गेले, देखभाल कंत्राटात गेली, आणि दोरी सोडणे कंत्राटाच्या कुठल्याच बाबीत बसले नाही. रंगकाम बसते, दिवे बसतात. वाळूउपशाने तळ खाली जात राहतो. पायाची पकड कमी होते, वरून काहीच कळत नाही. पूल पडल्यावर चौकशीला मूळ नकाशे मागितले जातात. अनेक जुन्या पुलांचे नकाशे सापडत नाहीत, पाया किती खोल आहे हेच कुणाला सांगता येत नाही. हल्ली कंपने मोजणारी यंत्रे बसवायचा आग्रह धरला जातो. जरूर बसवा. पण पूर उतरायच्या आत खांबाशी दोरी सोडा, आणि मागच्या पावसाळ्यांचे नदीच्या तळाचे काटछेद शेजारी ठेवून ते वाचू शकणारा अभियंता त्याच उपविभागात काही वर्षे टिकू द्या.