फार्सी विद्या आणि महाराष्ट्र : पैनगंगेचे दोन तीर

माधवराव पटवर्धनांचा १९२५ सालचा फार्शी-मराठी कोश आणि ग. ह. खरे यांनी संपादिलेले ‘ऐतिहासिक फार्सी साहित्या’चे खंड यांचा परामर्श मागील लेखांकात घेतला. आज पुण्याच्या दप्तरखान्यांपासून दूर, वणीच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या अलीकडे वसलेल्या मुकुटबनाकडे वळू; कारण या रानमुलखाच्या चारशे वर्षांपूर्वीच्या स्थितीवर प्रकाश टाकणाऱ्या साधनांत एका फार्सी ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे.

१५९६ साली वऱ्हाड मोगली अंमलाखाली गेले आणि अकबराच्या दरबारातील अबुल फजलाने आपल्या फार्सी ‘आईन-इ-अकबरी’त या नव्या सुभ्याचे वर्णन समाविष्ट केले. कळंब हे प्राचीन व महत्त्वाचे शहर असून तेथील म्हशी नामांकित आहेत, त्याच्या आसमंतात चांद्याचा गोंड जमीनदार बाबजी याचे १,००० स्वार व ४०,००० पायदळ आहे, आणि हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याने नुकतेच दुसऱ्या एका सरदाराकडून हिसकावून घेतले आहे, असे तो सांगतो. माहूरच्या डोंगरी किल्ल्याची आणि लगतच्या देवीच्या देवालयाची तो नोंद करतो. घनदाट अरण्याने वेढलेला माणिकदुर्ग अद्याप स्वतंत्र आहे, हेही नमूद करण्यास तो विसरत नाही. मुकुटबनच्या रहिवाशाला ही सारी नावे घरची वाटतील. परंतु ज्या गोंडांची फौज येथे मोजली गेली, त्यांचा स्वतःचा शब्द मात्र या वर्णनात कोठेच उमटत नाही. महसूल, सैन्य आणि किल्ला या तीन मापांनी मुलूख मोजणाऱ्या कारभाराच्या लेखणीकडून याहून अधिकाची अपेक्षा करणेही रास्त नव्हे.

म्हणूनच सेतुमाधवराव पगडी यांची योग्यता मला असामान्य वाटते. १९१० साली निलंग्यास जन्मलेल्या आणि हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत शिरलेल्या या गृहस्थाने पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या गोंडांत वावरून त्यांची भाषा आत्मसात केली, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, गोंडीचे व्याकरणही सिद्ध केले. आणि त्याच लेखणीने भीमसेन सक्सेना व खाफीखान यांचे फार्सी वृत्तांत मराठीत आणले, मोगल दरबाराची बातमीपत्रे वाचकांस उपलब्ध करून दिली, शिवाय सूफी संप्रदायावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ रचला. दरबाराची भाषा आणि अरण्याची भाषा ही दोन्ही ज्याला कळतात, त्यालाच ‘आईन’मधील ४०,००० पायदळाच्या आकड्यामागची कुळे, देवस्थाने आणि वस्त्या शोधण्याची बुद्धी होते; केवळ फार्सीचा पंडित त्या आकड्यापाशीच थांबतो.

मुकुटबनाभोवतीच्या झरी-जामणीच्या परिसरात आजही गोंडी व कोलामी बोलल्या जातात. या भागातील एखादा विद्यार्थी घरच्या बोलीच्या जोडीला फार्सी शिकला, तर ‘आईन’मधील कळंब व माणिकदुर्ग यांची वर्णने गोंडांच्या वंशकथांशी ताडून पाहण्याचे काम त्याच्या हातून होऊ शकेल. त्यासाठी लागणारी शिष्यवृत्ती विदर्भातील विद्यापीठांनी अवश्य ठेवावी, आणि पहिले अभ्यासपुस्तक म्हणून त्याच्या हाती पटवर्धनांचा कोश द्यावा.

पगडींच्या सूफीविषयक ग्रंथाचे सविस्तर विवेचन पुढील आठवड्यात करू.